न कुजणारी चिंधी

डीलिया टॅनियनला कुणी विचारलं, बाई, तुम्ही काय करता, तर ती सांगायची, "मी पाण्याकडे बघते." आणि ते खरंच होतं. क्लूनमोर गावाच्या वरच्या अंगाला, मेंढ्यांच्या कुरणाच्या कडेला ब्रीदची विहीर आहे; ब्रीदला कुणी देवी म्हणतं, कुणी संत. विहीर म्हणायची एवढंच. गुडघाभर पाण्याचं दगडी कुंड, त्यावर वाकलेलं एक काटेझाड आणि त्या झाडाला लोकांनी बांधलेल्या चिंध्या. कुंडातलं शेवाळ काढायचं, दगडांवरच्या लेंड्या धुवायच्या, फाटकाची कडी नीट लागते का ते बघायचं, हे काम टॅनियनांच्या घरात एका बाईकडून दुसरीकडे येत गेलं. आत्या गेली तेव्हा डीलिया बावीस वर्षांची होती, आता त्रेसष्टची आहे. लग्न झालं नाही. एकदा ठरत आलं होतं, पण मुलगा म्हणाला, आपण बोस्टनला जाऊ, आणि हिने विचारलं, मग पाण्याकडे कोण बघेल? मुलगा एकटा गेला. त्याचं तिला वाईट वाटतं का, हे विचारायची हिंमत गावात एकाच माणसाला होती. तो तिचा धाकटा भाऊ, आणि दर नाताळला दोन घोट पोटात गेले की तो विचारायचा.

या भावाचं नाव बार्टली. वय सत्तावन, हाही बिनलग्नाचा. बहीणभाऊ आईबापांच्याच घरात राहात, एकमेकांशी भांडत आणि एकमेकांशिवाय जेवत नसत. बार्टलीची सोळा जणांची बस होती. हिवाळ्यात तो शाळेची मुलं न्यायचा, उन्हाळ्यात परदेशातून आत्म्याच्या शोधात आलेली माणसं. दगडांची रिंगणं, जुन्या राजांचे मातीचे ढिगारे, म्हाताऱ्या जखिणीचा डोंगर, सात-आठ विहिरी, असा त्यांचा आठवड्याचा फेरा असे, आणि त्यात डीलियाची विहीर गुरुवारी दुपारी. पाहुणे वर कुंडापाशी डोळे मिटून उभे राहात तेव्हा बार्टली खाली गल्लीत बसला टेकून थर्मासमधला चहा पीत असे. कधी वर चढला नाही.

"डेल, तुझ्या लाँड्रीत आज नवीन काय वाळत घातलंय?" तो संध्याकाळी विचारायचा.

"तुझी जीभ घालायला हवी एकदा."

"ती नको. गिऱ्हाइकं पळतील."

त्या झाडाचे नियम आमच्याकडे कुणी कुणाला शिकवत नाही. तापल्या चुलीला हात लावू नये हे मुलाला जसं आपोआप कळतं, तसेच तेही कळतात. चिंधी हवी ती आजाऱ्याच्या अंगावरच्या कपड्याची. ती कुंडात भिजवायची, दुखऱ्या जागेवरून फिरवायची, पाण्याला उजवी घालून तीन प्रदक्षिणा करायच्या आणि झाडाला बांधायची. चिंधी कुजत जाते तसं दुखणं उतरत जातं. आणि दुसऱ्याची चिंधी कधी काढायची नाही. जो काढतो तो त्यात बांधलेलं घरी घेऊन जातो.

थॅडी कॉइन म्हणून रस्त्याच्या कामावरचा एक माणूस होता. डीलिया शाळेत असताना गाव स्वच्छ करायची टूम निघाली, तेव्हा त्याला विळा देऊन वर पाठवलं होतं. त्याने दोन पोती चिंध्या कापल्या आणि जाळून टाकल्या. नाताळच्या आत त्याचा अर्धा चेहरा खाली ओघळला, उजवा हात लोंबकळायला लागला. डॉक्टर म्हणाले, पक्षाघात आहे. असेलही. पण तो कुणाचा होता? आत्या तर त्यानंतर झाडाखालून जातानाही डोक्याला रुमाल बांधून, खांदे आवळून जायची.

मागच्या जानेवारीत बार्टलीच्या मानेला उजव्या बाजूने गाठ आली. तो तिला बटाटा म्हणायचा. "बटाटा आज जरा कडक आहे," असं न्याहारीच्या वेळी सांगायचा. शहरातल्या हॉस्पिटलात तुकडा काढून तपासला, मग किरणं, मग शिरेतून औषध. डीलियाने काही विचारलं की तो म्हणायचा, "डॉक्टरीणबाई फार हुशार आहे. तुझ्यासारखीच, पण हसते."

एक फेब्रुवारी हा ब्रीदचा दिवस. त्याच्या आदल्या दिवशी डीलियाने दोरीवर वाळत घातलेल्या बार्टलीच्या जर्सीची खालची दोन बोटं रुंद पट्टी कापली आणि कड पुन्हा शिवून टाकली. परगण्याच्या फुटबॉल संघाची ती तांबडी-किरमिजी जर्सी बारा महिने त्याच्या अंगात असे, सदऱ्याच्या आत. दुसऱ्या दिवशी पहाटेच तिने वर जाऊन पट्टी भिजवून आणली. दुपारी तो खुर्चीत घोरत होता, टीव्हीवर सामना चालू होता, तेव्हा तिने ती हलकेच त्याच्या मानेवरून फिरवली.

"काय गं ओलं लागलं?" तो डोळे न उघडता म्हणाला.

"छपराला गळती आहे."

"माझ्याच मानेवर?"

"तुझीच मान मध्ये येते सगळीकडे."

मग ती पुन्हा वर गेली, तीन प्रदक्षिणा केल्या, आणि झाडाच्या पश्चिमेकडच्या फांदीला पट्टी घट्ट बांधली. दुहेरी गाठ मारली. खाली येताना तिला बरं वाटत होतं, हे मुद्दाम सांगायला हवं. पाच महिने तिला बरं वाटत होतं.

जुलैतल्या एका गुरुवारी हेडविगचा गट आला. हेडविग ही बव्हेरियाची पूर्वीची दातांची डॉक्टर, आता दर वर्षी पंधरा जणांना घेऊन आमच्या बेटावरच्या पवित्र जागा दाखवत फिरते. पांढरे केस, अनवाणी पाय, आवाज मात्र अजून दवाखान्यातला. ती कुंडापाशी उभी राहून ब्रीदची कथा सांगत होती. एकाच नावाच्या तीन बहिणी, एक कवींची, एक लोहारांची, एक वैद्यांची. मुलगा लढाईत पडला तेव्हा ब्रीदने हंबरडा फोडला, आणि या बेटावर मेलेल्यासाठी मोठ्याने रडणं तिथून सुरू झालं.

"ती देवी की संत, तुमचं काय मत?" एका चष्मेवाल्याने डीलियाला विचारलं.

"ते तुम्ही आपसात ठरवा. ती ऐकते आणि तिला राग येतो, एवढं मला ठाऊक आहे."

एवढ्यात एका बाईने पिशवीतून चकचकीत नारिंगी फीत काढली आणि फांदीकडे हात नेला. डीलियाचा पारा चढला. दर उन्हाळ्यात दोन-चारदा चढायचाच.

"ओ बाई, ते ठेवा आत. भेटवस्तूला बांधायची फीत ती. कुणाच्या अंगावर होती का ती कधी? आणि ती नायलॉनची आहे. नायलॉन कुजत नाही. तुमच्या नातवंडांची नातवंडं आली तरी तशीच राहील. जे कुजत नाही त्याने दुखणं जात नाही, उलट इथे अडकून बसतं, जिथल्या तिथे, ताजंच्या ताजं..."

इथे तिचं वाक्य तुटलं. बोट दाखवायला तिने हात पश्चिमेच्या फांदीकडे केला होता. तिथे फेब्रुवारीत बांधलेल्या इतर चिंध्या फिक्या झाल्या होत्या, त्यांच्या कडा उसवल्या होत्या, एकीचा तर नुसता दोरा उरला होता. मध्ये किरमिजी पट्टी होती, दुकानातून आणल्यासारखी. एक धागा सुटला नव्हता. उन्हात चमकत होती.

ज्या बाईने चाळीस वर्षं लोकांना नायलॉनवरून झापलं, तिच्या डोक्यात जर्सी म्हणजे कापड आहे हे कधी आलंच नव्हतं. तिच्या लेखी ती जर्सी म्हणजे बार्टली होता.

"तुम्हाला चक्कर येतेय का?" हेडविगने विचारलं आणि तिचं मनगट धरून नाडी बघायला लागली.

"ऊन आहे," डीलिया म्हणाली. खालून गल्लीतून बार्टलीचा खोकला ऐकू आला.

त्या दिवसापासून भीती घरात राहायला आली. बार्टली सूप पिताना घास अडकल्यासारखा थांबला की तिचा चमचा हातातच राहायचा. जर्सी त्याच्या अंगावर गोणपाटासारखी लोंबत होती. "ही धुण्यात आखडतेय बघ, कमरेपर्यंत पुरत नाही," तो एकदा म्हणाला, आणि ती घाईघाईने म्हणाली, "तूच सुटला आहेस." सुटला आहेस. माणूस सुकत चालला होता आणि ती त्याला असं म्हणाली. मग न्हाणीघरात जाऊन तिने नळ सोडला आणि तोंडावर पाणी मारत राहिली.

शेवटी ऑगस्टच्या पहिल्या शुक्रवारी सकाळी ती वर गेली. पट्टी काढून टाकायची, दुसरी सुती बांधायची, सरळ हिशेब होता. हात फांदीपर्यंत गेला. बोटं पट्टीपासून वीतभर असताना थॅडी कॉइनचा ओघळलेला चेहरा डोळ्यांपुढे आला. त्याच्या हनुवटीवरून लाळ गळायची आणि ती त्याला पुसताही यायची नाही. ती मागे फिरली. शनिवारी रबरी हातमोजे घालून गेली. झाडाखाली उभं राहून तिला स्वतःचीच लाज वाटली. ब्रीद काय हातमोज्यांना फसणार आहे? सोमवारी शेगडीचा चिमटा नेला, आणि तोही तसाच परत आणला. नवी चिंधी शेजारी बांधून भागेल का, असाही विचार झाला. पण दुखणं तर जुनीत बांधलेलं होतं, आणि जुनी तिथे जशीच्या तशी.

सोमवारी घरी परतताना ती कुरणाच्या भिंतीवर बसली, कारण तिला एक गोष्ट नीट कळली. तिला मरायची भीती वाटत होती. भाऊ जाईल याच्यापेक्षा आपल्या मानेला गाठ येईल ही भीती मोठी होती. रोज त्याची कॉलर इस्त्री करणारी, त्याच्यासाठी बोस्टनवाल्या मुलापेक्षाही जास्त रडलेली डीलिया आतून अशी निघाली. हे कळल्यावर तिला स्वतःचंच असं भय वाटलं, की त्यापुढे थॅडी कॉइन काहीच नव्हता.

मंगळवारी बार्टली एकटाच हॉस्पिटलात जाऊन आला. "काय म्हणाली?" तिने विचारलं. "ठीक आहे म्हणाली," तो म्हणाला आणि बस धुवायला गेला. एरवी तो बस शनिवारी धुवायचा.

गुरुवारी सकाळी डीलियाने बटाटे सोलून पाण्यात घालून ठेवले, सूप करून झाकलं, मांजराचं खाणं कुठे आहे ते कागदावर लिहून टेबलावर ठेवलं. चांगला काळा कोट घातला, केस विंचरले, आणि वर निघाली. आता मागे फिरायचं नाही असं ठरवूनच निघाली. ठरवलं होतं तरी दात वाजत होते, ऑगस्टच्या उन्हात.

तिने तीन प्रदक्षिणा केल्या. "ब्रीद बाई, तुझ्या पाण्याची चाळीस वर्षं उस्तवार केली," ती म्हणाली. "याच्याकडचं माझ्याकडे दे. फक्त हळूहळू दे." मग तिने दोन्ही हातांनी गाठ धरली. पावसाने गाठ दगड झाली होती. नखं लागेनात. तिला रडू फुटलं, आणि एवढ्यात मागून कुणीतरी तिचं मनगट धरलं.

"गुरुवारी कुणाचं मयत आहे, डेल?" बार्टली धापा टाकत होता. चढण त्याला झेपली नव्हती. "काळा कोट घालून फाटकातून जाताना बघितलं मी. म्हटलं गावात कोण गेलं, आणि मला कसं कळलं नाही."

"तू जा खाली."

"हे काय आहे?" त्याने फांदीकडे पाहिलं. मग सदऱ्याची दोन बटणं काढून आतल्या जर्सीकडे पाहिलं. मग पुन्हा फांदीकडे. "ही माझी आहे."

तिने सगळं सांगितलं. दोरीवरची जर्सी, छपराची गळती, नायलॉन, हातमोजे, चिमटा. उलटसुलट सांगितलं, नाक ओढत सांगितलं. तो हसेल असं तिला वाटलं होतं. तो हसला असता तर तिला आवडलं असतं.

"हात काढ," तो म्हणाला.

"बार्टली, ते नायलॉन आहे, ते कधीच..."

"काय आहे ते मला दिसतंय. हात काढ आधी. त्याला शिवू नकोस."

तेव्हा तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पन्नास वर्षं ज्याने या झाडाला लाँड्री म्हटलं तो माणूस पांढराफटक पडला होता, आणि तिचं मनगट त्याने अजून सोडलं नव्हतं.

"थॅडी कॉइनकडे दूध पोचवायला मी जायचो," तो म्हणाला. "रोज सकाळी, शाळेआधी. त्याची बायको त्याला चमच्याने भरवायची आणि ते परत बाहेर यायचं. तुला काय वाटलं, मी खाली चहा कशाला पीत बसतो? मला या झाडाची भीती वाटते, डेल. लहानपणापासून वाटते."

"मग थट्टा का करायचास?"

"मग काय करायचं?"

तिने कोटाच्या बाहीने नाक पुसलं.

"ज्याचं आहे तोच काढेल," बार्टली म्हणाला. "मी काढलं तर काय येणार माझ्याकडे? माझंच येणार."

"आणि दुप्पट होऊन आलं तर?"

"दुप्पट व्हायला जागा कुठे उरलीय." त्याने टोपी काढून दगडावर ठेवली. "मंगळवारी डॉक्टरीणबाई म्हणाली, आता औषध थांबवू, उगाच त्रास नको. नाताळ होईल म्हणाली. नाताळच्या पुढचं ती बोलली नाही आणि मी विचारलं नाही."

डीलिया कुंडाच्या काठावर बसली. वर तिच्या भावाने दातओठ खात, दोन बोटं काट्याने रक्ताळून, ती गाठ सोडवली. सुटल्यावर पट्टी हातात धरून तो जरा वेळ तसाच उभा राहिला, कुठून काय येतंय का याची वाट बघत असल्यासारखा. कुरणात एक मेंढी ओरडली. त्याने पट्टी घडी करून खिशात घातली.

मग त्याने सदऱ्याचं मागचं टोक पुढे ओढून तिच्यापुढे धरलं. "हे काय आहे बघ. मला कळत नाही त्यातलं."

तिने चष्मा लावला, आतली चिठ्ठी वाचली. "सुती आहे."

"नक्की? मागच्या वेळी तूच बघितलं होतंस."

"शंभर टक्के लिहिलंय."

"मग फाड."

तिने दातांनी टोक तोडून पट्टी फाडली आणि भिजवली. त्याने मान वाकवली. या वेळी तो जागा होता. गाठ तिच्या बोटांखाली कडक आणि गरम लागली. इतक्या महिन्यांत तिने ती पहिल्यांदाच चाचपली. "गार आहे पाणी," तो म्हणाला. पुढे कुठून सुरुवात करायची ते त्याला माहीत नव्हतं, म्हणून ती पुढे झाली आणि तो मागून चालला, लहानपणी शाळेत जाताना चालायचा तसा, तिच्या कोटाचं टोक धरून. तीन फेऱ्यांत त्याला दोनदा थांबावं लागलं. चिंधी त्याने स्वतः बांधली. गाठ वेडीवाकडी झाली, ती तिने तशीच राहू दिली.

तो मागे सरकून चिंधीकडे बघत राहिला. ओली पांढरी चिंधी, निळ्या रेघांची.

"किती दिवस लागतात गं सुती चिंधीला?" त्याने विचारलं.

हा प्रश्न चाळीस वर्षांत तिला शेकडो लोकांनी विचारला असेल. हेडविगच्या माणसांनी दर उन्हाळ्यात विचारला. तिचं उत्तर ठरलेलं असे, आणि ती ते रोखठोक देत असे, समोरच्याचा चेहरा पडला तरी. उघड्या फांदीवर दोन हिवाळे. आडोशाला तीन. बार्टली खाली गल्लीत असायचा, त्याने ते कधी ऐकलेलं नव्हतं. आता तो तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत थट्टेचा लवलेश नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"ऑक्टोबर संपेपर्यंत," डीलिया म्हणाली. "पाऊस नीट झाला तर."

ब्रीदच्या पाण्यापाशी ती पहिल्यांदाच खोटं बोलली होती. ते पाण्याला ऐकू गेलं असेल या भीतीने तिने मान वर केली नाही. बार्टलीने आभाळाकडे पाहिलं. डोंगरापासून समुद्रापर्यंत निळंशार आभाळ, एक ढग नाही.

"मग पडू दे की," तो म्हणाला, आणि टोपी घालून फाटकाकडे चालू लागला.